गवत कापण्याचे यंत्र आणि टाकीत राहिलेले पेट्रोल

संपादक महोदय,

पेट्रोलमधील इथेनॉलविषयी सध्या बरीच चर्चा होते, पण ती मोटारी आणि दुचाकींपुरतीच राहते. घरच्या हिरवळीवर गवत कापणाऱ्या पेट्रोलच्या लहान यंत्रांचा विषय त्यात येत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या बंगल्यामागे लहानसे लॉन आहे. नाशिकच्या हवेत गवत जोमाने वाढते ते जून ते ऑक्टोबर. दिवाळीनंतर पडवीत गेलेले यंत्र मृगाचा पाऊस झाल्यावरच बाहेर निघते. गेल्या जूनमध्ये दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, तरी इंजिन सुरू होईना. एका दुरुस्तीवाल्याने इंजिनच बदलावे लागेल असे सांगितले. मन मानेना, म्हणून कोपऱ्यावरच्या दुचाकीच्या मेस्त्रीला बोलावले. त्याने कार्ब्युरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचा, खालचा बाऊल काढून माझ्यासमोर धरला, तेव्हा तळाशी पाण्याचा थेंब वेगळा साचलेला, कडेने पांढुरकी भुकटी आणि पेट्रोल सोडणाऱ्या जेटचे सुईएवढे भोक पूर्ण बुजलेले दिसले. क्लीनर मारून, कॉम्प्रेसरची हवा देऊन त्याने जेट मोकळा केला, फुगलेले रबरी वायसर बदलले आणि ताजे पेट्रोल भरले. दुसऱ्याच झटक्याला इंजिन सुरू झाले.

इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की त्या पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. मोटारीतले पेट्रोल आठवड्या-पंधरवड्यात संपते, त्यामुळे तिथे हे सहसा जाणवत नाही. आमच्या यंत्रात मात्र ते सात महिने पडून असते. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळते, तर लहान इंजिनांच्या अनेक उत्पादकांनी माहितीपुस्तिकेत १० टक्क्यांचीच मर्यादा घातलेली आहे. इथेनॉलमुळे ऊस उत्पादकांना आधार मिळतो, त्याला माझा विरोध नाही, परंतु विकत घेणाऱ्याला हे कोणी तरी सांगायला हवे.

उपाय बिनखर्चाचा आहे. हंगामातली शेवटची कापणी झाली की टाकी रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे आणि बाऊलचा बोल्ट सैल करून उरलेले थेंबही काढून टाकावेत. पात्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढणे तर अत्यावश्यक आहे. पाते थोडे फिरले तरी इंजिन अचानक सुरू होऊन बोटे जाऊ शकतात. यंत्र आडवे करताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी, नाहीतर इंजिनातले ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरते.

फवारणी पंप आणि ब्रश कटर वापरणाऱ्या शेतकऱ्यांनाही हीच अडचण येते. त्यामुळे पेट्रोल पंपावर इथेनॉलचे प्रमाण ठळक मराठीत लिहावे आणि विक्रेत्यांनी प्रत्येक यंत्रासोबत साठवणुकीच्या सूचनांचे मराठी पत्रक द्यावे, अशी माझी तेल कंपन्यांना व उत्पादकांना आग्रहाची विनंती आहे. माझ्या यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत मराठीची एकही ओळ नाही.

– एक वाचक, नाशिक