चिप-धोरणात विश्वाच्या गणितालाही जागा द्या

माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,

सादर नमस्कार.

डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना मंजूर केली. त्यातला अगदी छोटा वाटा मी विज्ञानासाठी मागतो आहे.

दीर्घिका कशा घडल्या हे समजून घ्यायला शास्त्रज्ञ संगणकात कृष्णद्रव्याचे (न दिसणाऱ्या, पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याचे) कण सोडतात आणि गुरुत्वाकर्षणाने ते कसे गोळा होतात हे पाहतात. इथे प्रत्येक कणाला बाकीच्या प्रत्येकाची ओढ असते. दहा लाख कण घेतले, तर काळाच्या एकेका टप्प्याला सुमारे ५० हजार कोटी जोड्यांचा हिशेब करावा लागतो. दूरच्या कणांचा एकत्रित हिशेब करणाऱ्या युक्त्या आहेत. त्यांपैकी ‘ट्रीपीएम’ नावाची पद्धत घडवण्यात आपले खगोलभौतिकशास्त्रज्ञ जसजीत बागला यांचा मोठा वाटा आहे. तरीही जवळच्या जोड्या एकेक करून सोडवाव्याच लागतात.

टोकियो विद्यापीठात दाइइचिरो सुगिमोतो, जुनइचिरो माकिनो आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये यावर सरळ उपाय केला. गुरुत्वाकर्षणाचे एकच सूत्र त्यांनी सर्किटमध्ये कोरले आणि बाकीचे काम साध्या संगणकावर सोडले. हेच ‘ग्रेप’ नावाचे यंत्र. जोडीतले बल कमी अचूकतेने काढले तरी चालते, बेरीज मात्र काटेकोर हवी, हे त्यांना ठाऊक होते, कारण यंत्र बांधणारे स्वतःच खगोलशास्त्रज्ञ होते. याच मालिकेतल्या १९९५ च्या ग्रेप-४ ने एक टेराफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडींचा, टप्पा ओलांडला.

आज जीपीयू (एकाच वेळी असंख्य आकडेमोडी करणाऱ्या, मुळात चित्रांसाठी घडलेल्या चिप) हेच काम उत्तम करतात, हे मला मान्य आहे. पण नव्या चिप एआयसाठी घडतात आणि त्यांची अचूकता त्या बाजारावर ठरते. कुठे अचूकता सोडायची आणि कुठे राखायची, हे ठरवणारी माणसे आपल्याकडे तयार व्हायला हवीत. पुण्यात खगोलशास्त्राची संस्था आयुका आहे, महासंगणक बनवणारी सी-डॅक आहे, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी २०२४ मध्ये परम रुद्र हा महासंगणक आला. मोहालीची सेमीकंडक्टर प्रयोगशाळा तर आपल्याच खात्याकडे आहे. तिथे १८० नॅनोमीटर तंत्राच्या चिप बनतात; हा आकडा जितका लहान, तितकी चिपची घडण बारीक. ग्रेप मालिकेतल्या पुढच्या ग्रेप-६ ची चिप तर २५० नॅनोमीटरची होती! अशी चिप आजच्या जीपीयूला हरवणार नाही, पण ती घडवताना विद्यार्थी जे शिकतील ते तयार यंत्र विकत घेऊन मिळणार नाही.

म्हणून विनंती अशी: चिपची रचना करणाऱ्यांना मदत देणाऱ्या सरकारच्या डिझाइन प्रोत्साहन योजनेत वैज्ञानिक गणनेच्या चिपसाठी स्वतंत्र निधी ठेवा. अर्ज खगोलशास्त्रज्ञ आणि चिप-अभियंते यांनी मिळूनच करावा, अशी अट घाला. आधी एफपीजीएवर (हवी तशी पुन्हा जुळवता येणाऱ्या तयार चिपवर) नमुना, तो चालला की मोहालीत चिप. आणि बाजारात विक्री किती होईल, हा निकष या निधीला लावू नका.

आपला नम्र,
पुण्यातील खगोलभौतिकीचा एक विद्यार्थी