डोळ्यांतून पाणी येते, तरीही डोळे कोरडे

नौपाडा, ठाणे
रविवार

प्रिय मित्रा,

स्नेहपूर्वक नमस्कार.

परवा फोनवर तू हसून म्हणालास, "गाडीवर बसलो की डोळ्यांतून धारा लागतात, आणि तू मला कोरडेपणाची तपासणी करायला सांगतोस!" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. पुढच्या महिन्यात तुझे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले आहे, त्यामुळे हा विषय तसाच सोडवत नाही, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी मीही तुझ्यासारखाच बोलत असे. मधुमेह होऊन तेव्हा मला चौदा वर्षे झाली होती. सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये वर्तमानपत्र उघडले की रबाळे येईपर्यंत अक्षरे पुसट होत आणि दोनदा पापण्या मिटल्या की पुन्हा स्पष्ट दिसत. चष्म्याच्या एका दुकानाने सहा महिन्यांत दोनदा नंबर बदलून दिला. पैसे गेले, अक्षरे होती तशीच राहिली. पापणी लवली की नजर निवळत असेल, तर दोष बहुधा नंबराचा नसून अश्रूंचा असतो, हे तेथे कोणाला सुचले नाही. (दुसरी फ्रेम मात्र झकास निघाली, ती अजून वापरतो.)

शेवटी नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी कापसाची केसासारखी बारीक वात काढली आणि तिचे टोक बाजूने हलकेच माझ्या बुबुळाला लावले. उजवी पापणी लवली, पण आळसावल्यासारखी. डाव्या डोळ्याला वात टेकली हेच मला कळले नाही. मी म्हणालो, "मला तसा काही त्रास नाही." त्यावर बाई म्हणाल्या, "त्रास होत नाही, याचीच मला काळजी वाटते." मग खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून त्यांनी मला पाच मिनिटे डोळे मिटून बसवले. ही शर्मर यांची तपासणी १९०३ पासूनची. पट्टी साधारण दहा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक भिजावी. माझी डावीकडची चारच भिजली.

बधिरपणाचे कारण तुला सहज कळेल, कारण तुझ्या तळपायांनाही मुंग्या येतात. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की जशा पायांच्या नसा मंदावतात, तशाच बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, अतिशय बारीक नसाही मंदावतात. अश्रू किती पाझरावेत आणि पापणी केव्हा लवावी, याची वर्दी मेंदूकडे याच नसा पोहोचवतात. ती वर्दीच क्षीण झाली की अश्रू कमी होतात, पापण्या कमी लवतात, आणि पृष्ठभाग सुकत असूनही माणसाला खुपत नाही. पापण्यांच्या कडांना तेलाच्या ग्रंथी असतात. त्या तुंबल्या की असलेले अश्रूही लवकर उडून जातात. मग वारा लागला की डोळा एकदम चिडतो आणि भळाभळा पाणी सोडतो. पण ते वळवाच्या सरीसारखे वाहून जाते, मुरत नाही. तुझ्या धारांचे गुपित हेच असावे. म्हणून ज्याचे डोळे चुरचुरतात तो मला एका अर्थाने सुदैवी वाटतो. त्याच्या नसा अजून बोलत आहेत.

दरवर्षी आपण बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला, मागचा पडदा तपासून घेतो आणि निर्धास्त होतो. पण ती त्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, तपासणी झाली. अश्रूंची तपासणी तीत आपोआप होत नाही, ती वेगळी मागावी लागते. ऑपरेशनच्या आधी तर मागच. डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर ठरवताना कॉर्नियाच्या गोलाईचे माप घेतात आणि पृष्ठभाग कोरडा असेल तर ते मापच चुकू शकते. शिवाय ऑपरेशनच्या छेदात कॉर्नियाच्या काही नसा कापल्या जातात, त्यामुळे नंतर काही आठवडे, कधी काही महिनेही, कोरडेपणा वाढतो. त्यात आपल्यासारख्या मधुमेहींच्या जखमा भरायला वेळ लागतो. आधी काही दिवस उपचार करून मग माप घ्यावे असे डॉक्टर म्हणाले, तर तारीख पुढे जाते म्हणून कुरकुर करू नकोस.

माझे उपचार साधे आहेत. परिरक्षक (थेंब टिकवणारे रसायन) नसलेले अश्रूंसारखे थेंब दिवसातून चार वेळा घालतो आणि रात्री दहा मिनिटे कोमट फडक्याचा शेक घेतो. फडक्याची ऊब मी बायकोच्या हाताने पाहून घेतो, कारण माझ्या बोटांवर आता माझा भरवसा नाही. डोळ्यांची लाली घालवणारे थेंब औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नकोस आणि सर्दीच्या गोळ्या घेत असशील तर तेही डॉक्टरांना सांग. त्यांतल्या काहींनी डोळे आणखी सुकतात.

माप घ्यायला जाशील त्या दिवशी संध्याकाळी फोन कर. पट्टी किती मिलिमीटर भिजली, तो आकडा मला दोन्ही डोळ्यांचा हवा आहे.

तुझा
बालमित्र