बाबांच्या आजाराबद्दल, सविस्तर

पुणे

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

रक्त गोठत नाही म्हणून बाबांना बेळगावला दाखल केले, मग आता डॉक्टर पायात गुठळी होईल असे का बजावतात, असे आईने काल विचारले. प्रश्न रास्त आहे. फोनवर त्याचे उत्तर नीट देता येईना, म्हणून हे पत्र.

बाबा, दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला होता तिथेच काळानिळा डाग उमटला आणि दुसऱ्या दिवशी तो कोपराखाली उतरला, हे मी डोळ्यांनी पाहिले. खानापुरात कोणी उष्णता म्हणाले, कोणी वय झाले म्हणाले. प्रत्यक्षात तुमच्याच शरीराने फॅक्टर आठ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) तयार केली आहेत. प्रयोगशाळेत तुमचा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, निम्मा-निम्मा मिसळून 37 अंशांवर दोन तास ठेवला, तरी तो गोठायला फार वेळ लागला. नुसती कमतरता असती तर निरोगी प्लाझ्माने ती भरून निघाली असती. याला अक्वायर्ड, म्हणजे जन्मानंतर जडलेला, हिमोफिलिया म्हणतात. वर्षाला दहा लाखांत एक-दोघांना होणारा हा आजार बहुधा उतारवयात गाठतो आणि साधारण निम्म्या रुग्णांत कारण सापडतच नाही. तेव्हा आई, तुझ्या स्वयंपाकात काही चुकले असेल, हे मनातून काढून टाक. हा जन्मजात हिमोफिलिया नव्हे आणि हा पुढच्या पिढीत उतरत नाही, त्यामुळे नातवंडांची काळजी नको.

आता गुठळीचे. प्रतिपिंडे फॅक्टर आठला निकामी करतात, म्हणून रक्तस्राव थांबवण्यासाठी सक्रिय फॅक्टर सातची ती महागडी इंजेक्शने दिली. त्यांच्यामुळे रक्त आठव्या फॅक्टरला वळसा घालून गोठते. पण नको तिथेही, म्हणजे हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत, गुठळी होण्याचा धोका त्यात असतो आणि वयस्कर माणसात तो अधिक. म्हणूनच रक्तस्राव थांबताच ती बंद केली. यापुढे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळीने प्रतिपिंडे कमी होत गेली की फॅक्टर आठ परत वाढतो, कधी नेहमीपेक्षाही वर जातो, आणि त्या काळात माणूस पडून राहिला तर पायाच्या शिरेत रक्त साकळू शकते. डॉक्टरांनी अंगणात फेऱ्या मारायला सांगितले आहे ते यासाठी.

तेव्हा आई, दोन्ही बाजूंनी लक्ष ठेव. नवा डाग, शौचास काळे होणे, एखादा स्नायू टणक सुजून दुखणे, हाताला मुंग्या, जोराची डोकेदुखी, किंवा उलट एकाच पायाला सूज, छातीत दुखणे, धाप, बोलताना अडखळणे, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता गाडी काढून थेट बेळगाव गाठा.

बाबा, ताप आला की कमरेत सुई टोचून घ्यायची आपल्याकडची रीत तुम्ही कटाक्षाने टाळा. स्नायूतल्या इंजेक्शनने आत मोठा रक्तस्राव होऊ शकतो. गुडघ्यासाठी घेत होता ती वेदनाशामक गोळी आणि ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. प्रेडनिसोलोन बरे वाटते म्हणून स्वतः बंद करू नका; अचानक थांबवणे धोक्याचे असते. या गोळीने साखर वाढते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो, म्हणून साधा तापही अंगावर काढू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत एक कार्ड सोबत पाठवत आहे. त्यावर आजाराचे नाव आणि ‘स्नायूत इंजेक्शन देऊ नये’ एवढेच लिहिले आहे. ते बंडीच्या खिशात कायम असू द्या, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात अनोळखी डॉक्टर असला तरी अडणार नाही.

हा आजार बरा होऊनही उलटू शकतो, म्हणून एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती चाचणी) आणि फॅक्टर आठची तपासणी चुकवायची नाही. पुढच्या तपासणीला मी येते. जुने सगळे रिपोर्ट एका पिशवीत काढून ठेवा.

तुमची लेक