पुढचा ब्रेक वापरायचा सराव हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांगलीत विश्रामबाग भागात माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. सर्व्हिसिंगला आलेल्या जुन्या गिअरलेस स्कूटरची दोन्ही चाकं उघडली की एक गोष्ट हमखास दिसते. मागच्या ब्रेकचे लायनर पार संपलेले आणि पुढचे जवळजवळ नवे. काही गाड्यांत तर पुढच्या ब्रेकची केबल गंजून धरलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो, कारण उजव्या हाताचा लिव्हर त्याने कधी दाबलेलाच नसतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: "पुढचा ब्रेक मारला की गाडी पलटी होते."

या समजुतीपायी माणसांचे हातपाय मोडलेले मी पाहतो, म्हणून हे पत्र. ब्रेक लागला की गाडीचा आणि आपला भार पुढच्या चाकावर येतो. मागचं चाक हलकं होतं, त्याची रस्त्यावरची पकड कमी होते. अशा वेळी नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला तर ते चाक जाम होतं आणि गाडी आडवी जाते. गाडी थांबवायचं बरंचसं काम पुढचं चाकच करतं, मात्र हँडल सरळ असताना आणि दाब हळूहळू वाढवत नेला तर. हँडल वळलेलं असताना किंवा वाळूवर तोच ब्रेक घात करतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. कॉम्बी ब्रेकमध्ये डावा लिव्हर दाबला तरी पुढचा ब्रेक थोडा लागतो. सोय उत्तम आहे, पण पुढच्या ब्रेकचा पूर्ण जोर उजव्या हातातच राहतो, आणि किती दाबायचं हे बोटांना सरावानेच कळतं.

आमच्याकडे पन्नाशी-साठीतले पुष्कळ जण चेतकवर गाडी शिकले. चेतकचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली, डाव्या मुठीत क्लच आणि गिअर. आता त्यांच्या हाती गिअरलेस आहे, तिचा मागचा ब्रेक डाव्या हातात. रोजच्या चालवण्यात निभावतं. अचानक कुत्रं आडवं आलं की मात्र उजवा पाय नुसत्याच पत्र्यावर दाबला जातो, हे गिऱ्हाइकांनीच मला सांगितलंय. अडचणीच्या वेळी जुनी सवय आधी धावते. तिच्या जागी नवी बसवायची तर ती घोटून घ्यावी लागते. आता त्यात इलेक्ट्रिक स्कूटर आल्या. आवाज नाही, मूठ पिळल्याबरोबर जोर, आणि काही मॉडेलमध्ये मूठ सोडली की गाडी आपोआप मंदावते. अशी गाडी शोरूममधून काढून थेट सांगली-मिरज रस्त्याच्या गर्दीत घालू नये. चार-सहा दिवस मोकळ्या जागेत फिरवावी.

कायदाही आपल्याला पुन्हा मैदानावर बोलवत नाही. अठराव्या वर्षी काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं. पुढे नूतनीकरणाला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, गाडी चालवून दाखवावी लागत नाही. मुदत संपून वर्ष उलटलं तरच चाचणी. म्हणजे आरटीओच्या मैदानावर काढलेला आठाचा आकडा बहुतेकांच्या आयुष्यातला शेवटचा ठरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट हवंच, तेही पट्टा लावून. पण त्याचं काम पडल्यानंतरचं आहे.

गिऱ्हाइकांना मी सांगतो ते असं. सकाळच्या वेळी मोकळं मैदान गाठा. एक वीट ठेवा, ताशी २०च्या वेगाने या आणि दोन्ही ब्रेक एकत्र दाबत विटेच्या आत थांबा. जमलं की २५, मग ३०. चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे ब्रेककडे बोट पोहोचेपर्यंत जवळजवळ एसटीच्या लांबीइतकं अंतर गेलेलं असतं. म्हणून गर्दीत बोटं आधीच लिव्हरवर हवीत. त्यानंतर माणसाच्या चालीइतक्या वेगात, पाय न टेकता, सरळ रेषेत गाडी न्या. हे सगळ्यांत अवघड आहे, करून बघा. आठ काढताना नजर चाकासमोर नको, जिथे जायचंय तिथे हवी. मागे कुणी बसत असेल तर त्यांना बसवूनही सराव करा, कारण थांबायचं अंतर आणि तोल दोन्ही बदलतात. लहान मुलाला पुढे उभं करून गाडी चालवणाऱ्या आई-वडिलांना तर माझी हात जोडून विनंती आहे, ते बंद करा.

हा सराव अधूनमधून करत राहावा, आणि ऋतू पालटला की आवर्जून. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं आणि चौकातले पांढरे पट्टे निसरडे होतात. ऊसतोड सुरू झाली की ट्रॉलीच्या चाकांची माती डांबरावर येते, त्यावर दव पडलं की गाडी ठरत नाही. आमच्या गॅरेजमध्ये मोडलेले आरसे आणि वाकलेली हँडलं या दोन वेळांना जास्त येतात.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होतो, फेऱ्या निघतात, शपथ घेतली जाते. त्यातच ब्रेकचा सराव धरावा. मोकळी मैदानं असलेल्या शाळांनी आणि महापालिकेने महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दोन तास जागा दिली तरी पुरे. जागा मिळाली तर येणाऱ्या प्रत्येक गाडीचे ब्रेक, केबल आणि टायरची हवा मी व माझे कारागीर तिथेच विनामूल्य तपासून देऊ. जून लागायच्या आत पहिला रविवार ठरावा, एवढंच मागणं आहे.

आपला,
एक दुचाकी मेकॅनिक, विश्रामबाग, सांगली