‘शून्य नासाडी’ बटेर फीडर संचाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : बटेर फीडर संचाची रचना सदोष असल्याने पैसे परत मिळण्याबाबत व जाहिरातीतला दावा दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,

रेणापूर तालुक्यातल्या (जि. लातूर) आम्ही बटेरपालकांनी आपला फीडर संच एकत्रित मागणी नोंदवून घेतला. त्यात एक मीटरचा पाइप फीडर, उभा नळीचा फीडर आणि पिल्लांचा ट्रे अशा तीन वस्तू आहेत. खोक्यावर ‘शून्य नासाडी’ असं ठळक छापलेलं आहे. तिन्ही वस्तू बटेर पक्ष्याच्या मापाने बनवलेल्याच नाहीत आणि त्यामुळे खाद्य वाया जातं, ही आमची तक्रार आहे. फोनवर आपल्या प्रतिनिधीने वाहतुकीत काही तुटलं का, असं विचारलं. काहीही तुटलेलं नाही. दोष मापात आहे, म्हणून हे पत्र मापांसह लिहीत आहोत. आपल्या कारखान्यात फूटपट्टी लावून प्रत्येक आकडा तपासता येईल.

आधी पाइप फीडर. पाइपचा बाहेरचा व्यास 75 मिमी. त्याच्या बरोबर मध्यावर 50 मिमीची भोकं पाडली आहेत. मध्य 37.5 मिमीवर आणि भोकाची त्रिज्या 25 मिमी, म्हणजे भोकाच्या खाली काठ उरतो जेमतेम 12 मिमी. आता आपलंच माहितीपत्रक काढून बघा, त्यात ‘पाइप निम्मा भरावा’ असं लिहिलं आहे. निम्मा पाइप म्हणजे 37 मिमी. पक्षी फीडरजवळ येण्याआधीच खाद्य भोकातून बाहेर पडतं. यावर ‘मग कमी भरा’ असं उत्तर आम्हाला मिळालं. 12 मिमीच्या काठाआड फार तर 5-6 मिमीचा थर टिकतो. तेवढ्यावर पक्षी जगवायचे तर माणसाला दिवसभर फीडरपाशीच उभं राहावं लागेल.

बटेर कसा खातो हे लक्षात घेतल्याशिवाय या पक्ष्याचं फीडर बनत नाही. तो जमिनीवर चरणारा पक्षी. चोच खाद्यात घालतो, आडवी फटकारतो, बाजूला उडालेल्या कणांतून भरड मका वेचतो आणि बारीक भुकटी तशीच टाकतो. फीडरखाली पांढरं पोतं अंथरून पाहिलं तर नुसती भुकटीच सापडते, मक्याचा कण क्वचितच दिसतो. जीवनसत्त्वं, मीठ, डीसीपी (कॅल्शियम-फॉस्फरसचं खनिज) हे सगळं त्या भुकटीतच असतं. त्यामुळे नुकसान दुहेरी होतं : किलोचा हिशेब वेगळाच, वर पक्ष्याच्या पोटात जाणारं खाद्य असमतोल होतं. अंडी देणाऱ्या मादीला खनिजं कमी पडली की कवच पातळ येतं, आणि मग दोष खाद्यवाल्याच्या माथी जातो.

किलोचा हिशेबही मांडून देतो. मोठा बटेर दिवसाला 25 ते 30 ग्रॅम खातो. 30 ग्रॅमने 500 पक्ष्यांना रोज 15 किलो खाद्य लागतं. त्यातलं दहा टक्के सांडलं असं धरलं तरी रोज दीड किलो, महिन्याला 45 किलो. पन्नास किलोच्या पोत्यातून पाचच किलो उरले. बटेरच्या खाद्यात प्रथिनं जास्त लागतात : पिल्लांना 24 टक्क्यांच्या वर, अंडी देणाऱ्या पक्ष्यांना 20 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सांडणाऱ्या खाद्यात सोयाबीनची पेंडही जाते. सोयाबीन पिकवणाऱ्या या लातूर जिल्ह्यात पेंडीचा भाव शेतकऱ्याला सांगावा लागत नाही.

भोक 50 मिमीचं ठेवल्याने दुसराही त्रास होतो. मोठ्या बटेरचं डोकं आणि मान 32 ते 38 मिमीच्या भोकातून आरामात जाते. 50 मिमीमधून खांदे आत शिरतात आणि तीन-चार आठवड्यांचा पक्षी तर अख्खा आत जाऊन बसतो. तिथेच धूळस्नान करतो, तिथेच विष्ठा टाकतो. खराब झालेलं ते खाद्य पुन्हा पक्ष्यांना घालता येत नाही, मग तो पाइप रिकामा करून सगळं फेकावं लागतं. त्यात भोकांच्या कडा कानस न मारता तशाच सोडल्या आहेत. आतल्या बाजूने बोट फिरवलं तर प्लॅस्टिकचे कुसळासारखे तंतू टोचतात. पक्षी दिवसातून कितीतरी वेळा डोकं त्याच कडेवरून आत-बाहेर करतो, त्याच्या डोळ्याला आणि गालाला काय होत असेल याचा विचार व्हायला हवा होता.

टांगण्याची सोय तर आणखी वाईट. पाइप दोन सैल तारेच्या कड्यांत अडकवला आहे, म्हणून पक्ष्यांनी काठावर भार दिला की गोल फिरतो, भोकं खाली होतात आणि सगळं लिटरवर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या भुशावर, ओतलं जातं. कडी एकाच उंचीला बसतात. पाइपचा तळ जमिनीपासून 20 मिमीवर, म्हणजे खाण्याचा काठ 32 मिमीवर राहतो. पक्षी पायाने उकरतात तेव्हा लिटरचा भुसा उडून थेट खाद्यात पडतो. काठ पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवा, हा नियम कोंबड्यांच्या फीडरला लागतो तसाच बटेरलाही लागतो. पक्षी वाढेल तसा काठ वर सरकायला हवा, पण आपल्या संचात त्यासाठी साखळी तर नाहीच, टांगायला दुसरं भोकही नाही.

माहितीपत्रकात एक मीटर फीडर ‘100 पक्ष्यांसाठी’ म्हटलं आहे. मोठ्या बटेरला खाण्याची जागा पक्ष्यामागे 2 ते 3 सेंमी लागते. एका बाजूने खाता येणारा एक मीटर म्हणजे 33 ते 50 पक्षी. आपल्या पाइपला भोकं दहाच आहेत, त्यावर शंभर पक्षी सोडले तर दांडगे खातात आणि दुबळे मागे राहतात. पाच आठवड्यांनी विक्रीला काढताना वजनं एकसारखी भरत नाहीत, गर्दीत टोचाटोचीही वाढते. आपल्या प्रतिनिधीने यावर चोची कापण्याचा सल्ला दिला. हा सल्ला आम्ही लेखी नाकारत आहोत. फीडरचा दोष झाकण्यासाठी पक्ष्याची चोच कापायची, हे आम्ही करणार नाही आणि दुसऱ्या कोणालाही ते सांगू नये.

उभ्या नळीच्या फीडरला खाली 90 अंशांचा एल्बो (वळणाचा जोड) लावला आहे. पेलेट (खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या) किंवा अख्खं धान्य त्यातून घसरेल. बटेरला दिला जातो मॅश, म्हणजे दळलेलं कोरडं खाद्य, आणि तो त्या वळणावर कमानीसारखा अडकतो. पावसाळ्यात हवेत ओल असली की लवकरच अडकतो. वरून नळी भरलेली दिसते, खाली तोंड रिकामं. माणूस खाद्य आहे असं समजून निघून जातो आणि पक्षी उपाशी राहतात. एल्बो चिकटवून टाकल्यामुळे आत अडकलेलं खाद्य खरवडून काढता येत नाही. पाइप फीडरच्या टोप्याही चिकटवलेल्याच आहेत. जुनं ओलसर खाद्य कोपऱ्यात राहिलं की त्याला बुरशी येते, आणि मक्यावरच्या बुरशीतून होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष बटेरच्या यकृतावर घाव घालतं. जो फीडर उघडून धुता येत नाही तो पक्ष्यांना लावण्याच्या लायकीचा नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पिल्लांच्या ट्रेबद्दल थोडक्यात सांगतो : ट्रे 50 मिमी खोल आहे आणि वर 25 मिमीच्या चौकटीची जाळी आहे. अंड्यातून निघालेलं बटेरचं पिल्लू 7-8 ग्रॅमचं असतं, ते त्या चौकटीतून आत पडतं आणि बाहेर येऊ शकत नाही. हा कोंबडीच्या पिल्लांचा ट्रे आहे, फक्त त्यावरचं लेबल बदललेलं दिसतं.

दुरुस्ती काही अवघड नाही, म्हणून ती सविस्तर देत आहोत. मराठवाड्यात शेतात पाइपलाइन टाकून उरलेले 75 मिमीचे पीव्हीसी तुकडे बहुतेकांकडे पडलेले असतात, बाकीचं सामान लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या कुठल्याही हार्डवेअर दुकानात मिळतं. 63 मिमीचा पाइप घेऊ नये, त्यात भोक पाडल्यावर पुरेसा काठ उरत नाही. एक मीटरचा तुकडा आरीच्या पानाने सरळ कापावा. सुतळीला खडू लावून तळाची रेषा पाडावी. 75 मिमी पाइपचा घेर साधारण 235 मिमी भरतो, तर तळरेषेपासून घेरावर 78 मिमी मोजून दुसरी रेषा मारावी. भोकांचे मध्य या रेषेवर घ्यावेत. अशाने भोकं आडवी न राहता वरच्या अंगाला कलतात आणि 35 मिमीच्या भोकाचा खालचा काठ तळापासून 40 मिमीच्या आसपास येतो. दोन टोकांना 60-60 मिमी सोडून 80 मिमीच्या अंतराने मध्य घेतले की मीटरला बारा भोकं बसतात, भोकामागे चार पक्षी धरले तर 48 पक्षी. आधी बारीक ड्रिलने खूण पक्की करावी, मग 35 मिमीचा होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) हळू फिरवावा. वेगाने फिरवला तर पीव्हीसी वितळतं आणि कड ओबडधोबड होते. प्रत्येक कड आतून आणि बाहेरून अर्धगोल कानसीने घासावी, वर पॉलिश पेपर फिरवावा. टोप्या दाबून बसणाऱ्या असाव्यात, चिकटवायचं सोल्युशन लावूच नये.

पाइप फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना वरच्या रेषेवर स्क्रू मारून त्यालाच साखळी अडकवावी. मोठ्या पक्ष्यांसाठी पाइपचा तळ लिटरपासून 50 मिमी वर ठेवला की काठ 90 मिमीवर येतो, तीच साधारण पाठीची उंची. लहान पक्ष्यांसाठी साखळीच्या एक-दोन कड्या खाली घ्याव्यात. खाद्याचा थर 20 ते 25 मिमी, त्यापेक्षा जास्त नको. काठ उंच असल्याने आडवी फटकारलेली चोच पाइपच्या भिंतीवर आदळते आणि उडालेला दाणा आतच राहतो. सगळी बचत यातूनच होते, त्यासाठी महागडा भाग एकही लागत नाही.

उभा फीडर हवाच असेल तर एल्बो काढून टाका. 110 मिमी पाइपचा 300 मिमीचा तुकडा 200 मिमी व्यासाच्या थाळीत उभा करा, काठ किमान 35 मिमी उंच आणि तोंड आतल्या बाजूला थोडं वळलेलं. पाइप आणि थाळीच्या तळात 12 ते 15 मिमीची फट ठेवा आणि ती कमी-जास्त करता येईल अशी सोय द्या. भरड खाद्याला जास्त फट लागते, बारीकला कमी. अशा पाइपात दीड किलोच्या आसपास मॅश मावतो, म्हणजे 25 पक्ष्यांचा दोन दिवसांचा खुराक. पावसाळ्यात मात्र एकाच दिवसाचा भरावा. थाळीवर 35-40 मिमी अंतराने तारेच्या आडकाठ्या लावल्या की चोच फटकारायला जागा उरत नाही.

पिल्लांसाठी पहिले दोन-तीन दिवस खडबडीत कागदावर खाद्य पसरावं. मग 20 मिमी खोलीचा उथळ ट्रे द्यावा आणि त्यात खाद्यावर टेकलेली अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी ठेवावी. जाळी मोकळी हवी, खाद्य संपेल तशी तीही खाली बसली पाहिजे. तारेची टोकं घासून घ्यावीत. तीन आठवड्यांपर्यंत पाइप फीडर देऊच नये. कोंबडीचं स्टार्टर (पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य) देत असाल तर ते आणखी दळून घ्यावं लागतं, कारण भरड कण पिल्लाच्या चोचीत मावत नाहीत. ही एक ओळ खोक्यावर छापली असती तर कितीतरी पिल्लांची उपासमार टळली असती.

आमच्या मागण्या अशा आहेत. संचाची पूर्ण किंमत परत करावी आणि माल आपल्या खर्चाने उचलून न्यावा. खोक्यावरचा ‘शून्य नासाडी’ हा दावा काढावा. पुढच्या प्रत्येक फीडरवर भोकाचा व्यास, काठाची उंची, किती पक्ष्यांसाठी आणि कोणत्या वयासाठी हे मराठीत छापावं. बदलून दुसरा संच देणार असाल तर वरच्या मापांचा असेल तरच स्वीकारू. नव्या नमुन्याची चाचणी हवी असल्यास उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या कुक्कुट विभागाकडून जरूर करून घ्या. फीडरखाली ताडपत्री अंथरायची, चोवीस तासांत सांडलेलं वेगळं करून वजन घ्यायचं, इतकी सोपी ती चाचणी आहे.

‘आपण व्यावसायिक खरेदीदार आहात, ग्राहक नाही’ असं आपल्या प्रतिनिधीने सांगितलं. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार म्हणून वापरायला घेतलेली वस्तू ‘व्यापारी प्रयोजना’त मोडत नाही. आमचं बटेरपालन तसंच आहे. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवू आणि लातूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. खरेदीची रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तिथे शुल्कही लागत नाही.

संच जसाच्या तसा बांधून ठेवला आहे. उचलायला माणूस पाठवण्याआधी फोन करावा, वजन आणि मापं त्याच्यासमोर घेऊन पावतीवर सही घेतली जाईल.

आपले ग्राहक,
बटेरपालक शेतकरी,
ता. रेणापूर, जि. लातूर

सोबत : खरेदी बिलाची प्रत, मोजपट्टी लावून काढलेले तिन्ही फीडरचे फोटो, माहितीपत्रकाची प्रत.