पत्र्याखाली जिवाणू जगत नाहीत, साहेब : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातला सोयाबीनवाला. गेल्या खरिपाआधी डीएपी खताच्या दोन बॅगा आणायला गेलो, तर दुकानदारानं जिवाणू खताची चार पाकिटं माथी मारली. म्हणाला, "लिंकिंग आहे, घ्यावीच लागतील." पाकिटं पत्र्याच्या गोदामात, युरियाच्या थप्पीला टेकवलेली. बाहेर पारा बेचाळिशीत. घरी येऊन पाहिलं तर तारीख पुसट, आणि जेवढी वाचता आली त्यावरून मुदत पेरणीआधीच संपलेली.

माझी तक्रार जिवाणूंबद्दल नाही. उलट त्यांचीच बाजू मांडतोय. रायझोबियम नावाचा जिवाणू सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरतो, हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला देतो आणि बदल्यात पिकाकडून साखर घेतो. साधारण चाळिसाव्या दिवशी झाड मातीसकट खणून काढायचं, मुळं धुवायची आणि गाठ नखानं फोडायची. आत गुलाबी दिसली की काम चालू आहे. पांढरी निघाली तर बिऱ्हाड आहे, कमाई नाही. चांगल्या गाठी धरल्या तर पिकाची निम्म्याच्या आसपास नत्राची गरज हवेतूनच भागते. ज्या रानात वर्षानुवर्षं सोयाबीन आहे तिथं हे जिवाणू मातीत आधीपासून असतात, त्यामुळे दर वर्षी डोळ्यांत भरेल असा फरक दिसेलच असं नाही, हेही खरं.

स्फुरदाचं (फॉस्फरसचं) दुखणं वेगळं. आमच्या काळ्या, चुनखडीच्या रानात टाकलेल्या स्फुरदाला कॅल्शियम धरून बसतो. १३५० रुपयांच्या डीएपीच्या बॅगेतला बराचसा स्फुरद त्या हंगामात मुळांना मिळतच नाही. स्फुरद विरघळवणारे जिवाणू, आपले पीएसबी, मुळांपाशी सेंद्रिय आम्लं सोडून त्यातला काही मोकळा करतात. म्हणून डीएपी बंद करा असं कुणी सांगू नये. पण आहे त्या खताचं चीज तर होईल!

कायदा आहे. खत नियंत्रण आदेश १९८५ चा, जिवाणू खतं त्यात २००६ मध्ये आली. पावडरीच्या पाकिटात दर ग्रॅमला ५ कोटी आणि द्रवरूपात दर मिलिलिटरला १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. कारखान्याच्या दारात ते असतीलही. मला हवेत पेरणीच्या सकाळी, माझ्या घमेल्यात.

बियाण्याचंही बघा. पेरणीआधी बियाण्याला काय कोणत्या क्रमानं लावायचं, यासाठी कृषी सहायक 'एफआयआर' पाठ करायला लावतात: आधी फंजिसाइड (बुरशीनाशक), मग इन्सेक्टिसाइड (कीटकनाशक), शेवटी रायझोबियम. (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, ठाण्यात जायचंय की काय.) पण कुठल्या बुरशीनाशकाबरोबर जिवाणू तगतात, हे पाकिटावर कोण लिहितो? त्यात सोयाबीनची साल पातळ. पावडर चिकटवायला गुळाचं पाणी जरा जास्त झालं, हात जरा जोरात फिरला, की साल सुटते आणि उगवण जाते. म्हणून द्रवरूप बाटली बरी. ती टिकतेही जास्त. खात्याच्या बीजप्रक्रिया मोहिमेत तिलाच पुढे करा.

नमुने कारखान्यातून नकोत, दुकानाच्या फळीवरून घ्या, तेही मे महिन्यात, म्हणजे मृग लागायच्या आत निकाल तालुक्याच्या कार्यालयाबाहेर लागेल. ज्याच्याकडे थंड, सावलीची जागा नाही त्याला जिवाणू खत विकायचा परवाना देऊ नका. लिंकिंग करणाऱ्याचा तर काढूनच घ्या. जबरदस्तीनं गळ्यात मारलेलं पाकीट बांधावरच पडून राहतं, आणि पुढच्या वर्षी चांगलं आणलं तरी माणूस म्हणतो, "नको, मागच्या वेळी बघितलंय." परभणीच्या कृषी विद्यापीठात तयार होणारी जिवाणू खतं (संवर्धनं) पेरणीच्या तोंडावर ताजी तालुक्याला पोचवता आली, तर आम्ही रोख पैसे देऊन नेऊ.

आणि पाकिटावरची तारीख मराठीत, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात छापायला लावा.

आपला,
लातूर जिल्ह्यातला एक सोयाबीन उत्पादक