खोकताना किती दुखते, हे विचारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

छातीच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णाला उठवून बसवणे, दीर्घ श्वास घ्यायला लावणे आणि खोकायला सांगणे हे फिजिओथेरपिस्ट म्हणून माझे रोजचे काम आहे. छातीशी उशी घट्ट धरून रुग्ण खोकू पाहतो आणि अर्ध्यातच थांबतो. पाचच मिनिटांपूर्वी पडल्यापडल्या ‘फारसे दुखत नाही’ म्हणालेला माणूस हाच असतो. पायाच्या जखमेला विश्रांती देता येते, बरगड्यांना मात्र प्रत्येक श्वासाबरोबर हलावेच लागते. दुखण्याच्या धास्तीने श्वास उथळ होतो, कफ साचतो, फुप्फुसाचा तळाचा भाग मिटतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

मॉर्फीनसारख्या औषधांनी दुखणे शमते खरे, पण गुंगीत खोकलाही मंदावतो आणि मात्रा जास्त झाली तर श्वाससुद्धा. म्हणून नर्व्ह ब्लॉकचे, म्हणजे नसांपाशी औषध देऊन तेवढाच भाग बधिर करण्याचे महत्त्व. छातीच्या भिंतीतील वेदना बरगड्यांच्या खालच्या कडेने जाणाऱ्या नसांवाटे वर पोहोचते. या नसा मणक्याजवळ जिथून निघतात तिथे, किंवा पुढे स्नायूंच्या थरांमध्ये, सोनोग्राफीत सुईचे टोक पाहत भूलतज्ज्ञ बधिरतेचे औषध सोडतात. 2016 साली वर्णिलेल्या इरेक्टर स्पायनी ब्लॉकमध्ये सुई मणक्याच्या आडव्या हाडापाशीच थांबते, त्यामुळे फुप्फुसाचे आवरण तिच्यापासून लांब राहते. धोका अजिबात नाही असे नव्हे. औषध रक्तात जास्त उतरल्यास झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते, आणि त्यावरचा उतारा असलेले 20 टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचे स्निग्ध द्रावण) हाताशी असावेच लागते.

माझी तक्रार ब्लॉकबद्दल नाही, तो उतरल्यानंतरच्या तासांबद्दल आहे. एकदाच दिलेला ब्लॉक काही तासांनी ओसरतो, तोही बहुधा ऐन रात्री, आणि गाढ झोपलेला रुग्ण कळवळत जागा होतो. पॅरासिटामॉलसारखी औषधे ब्लॉक चालू असतानाच ठरलेल्या वेळी सुरू करावीत, मोठ्या शस्त्रक्रियेत बारीक नळी ठेवून औषध दोन-तीन दिवस चालू ठेवण्याचा विचार व्हावा, आणि हे सारे शस्त्रक्रियेच्या आधीच रुग्णाला व नातेवाइकांना समजावून सांगावे. आणखी एक साधी विनंती: केसपेपरवर वेदनेचा 0 ते 10 मधला आकडा लिहिताना तो पडून असतानाचा आहे की खोकतानाचा, हेही शेजारी नोंदवावे.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट